मुलाच्या बाजूचा माणूस : ब्रिटनमधील वादपालकाची घडण

एखादे मूल आईवडिलांपासून काढून सरकारी ताब्यात द्यावे की नाही, किंवा एकदा काढलेले मूल पुन्हा घरी पाठवावे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे येतो तेव्हा आईवडिलांची बाजू मांडायला वकील असतो, मुलाचा ताबा मागणाऱ्या स्थानिक परिषदेलाही वकील असतो. आणि ज्याच्या उभ्या आयुष्याची दिशा त्या दालनात ठरणार असते, ते मूल मात्र बहुधा तिथे हजरही नसते. या मुलाच्या वतीने, आणि केवळ त्याच्याच वतीने, बोलणारा एक स्वतंत्र माणूस न्यायालयात असला पाहिजे, ही गोष्ट आज इतकी स्वयंसिद्ध वाटते की ती मान्य व्हायला इंग्लंड आणि वेल्समध्ये एवढा काळ का लागला, याचे नवल वाटते. त्या माणसाला इंग्लिश कायद्यात मिळालेले नाव जुनेच होते. अज्ञान व्यक्तीच्या वतीने एका दाव्यापुरता उभा राहणारा पालक, म्हणजे वादपालक, भारतीय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशातही आहे, आणि सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे लागणारी 'अ. पा. क.' ही नोंद पाहिलेल्या मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. मात्र ही सारी व्यवस्था मुळात मालमत्तेभोवती वाढली होती. ज्या अनाथाच्या नावावर जमीन किंवा ठेव होती त्याला इंग्लंडच्या चॅन्सरी न्यायालयात वादपालक पूर्वापार मिळत आला होता, १९२६ च्या कायद्याने दत्तकविधानापुरता तो इतर मुलांनाही मिळाला. परंतु ज्याला घरात मारहाण होत होती आणि ज्याच्याजवळ स्वतःच्या देहाखेरीज काहीही नव्हते, त्या मुलासाठी तो नियमाने उभा राहण्यास १९८४ साल उजाडावे लागले.

या विलंबाचे एक कारण असे की अशा मुलांचा विचार ब्रिटनमध्ये दीर्घकाळ न्यायाचा विषय म्हणून झालाच नाही. तो धर्मादायाचा आणि नंतर प्रशासनाचा विषय राहिला. निर्धनांसाठीच्या जुन्या 'पुअर लॉ' कायद्याखाली वर्कहाऊसमध्ये वाढणारी मुले खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांत पैसे देऊन ठेवण्याची जी प्रथा होती, तिला १८७० च्या आदेशाने इंग्लंडमध्ये सविस्तर नियम मिळाले, आणि आपल्या हद्दीबाहेर ठेवलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम स्थानिक स्वयंसेवकांच्या समित्यांकडे सोपवण्यात आले. सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया, धर्मोपदेशकांच्या पत्नी, गावातले प्रतिष्ठित लोक या समित्यांवर असत, आणि त्यांच्या हेतूंबद्दल शंका घेण्याचे कारण नव्हते. पण १८८५ साली या मुलांची तपासणी करण्यासाठी मिस मेसन यांची नेमणूक झाली आणि त्यांनी पुढची पंचवीस वर्षे गावोगाव फिरून मुले प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा दिवाणखान्यात बसून चौकशी करणाऱ्या भेटीला न दिसणारी उपासमार आणि मारहाण त्यांच्या अहवालांतून पुढे येऊ लागली. मुलाला कुटुंबापासून बाजूला घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याची त्यांची ही शिस्त पुढच्या शतकातल्या अनेक चौकशी समित्यांना नव्याने शोधून काढावी लागली, हे या इतिहासातले एक मोठे दुर्दैव म्हणावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपत असताना हा प्रश्न एकदम सार्वजनिक झाला. जुलै १९४४ मध्ये लेडी ॲलन ऑफ हर्टवुड यांनी 'द टाइम्स'मध्ये पत्र लिहून संस्थांमधल्या मुलांच्या स्थितीकडे देशाचे लक्ष वेधले, आणि त्यानंतर सहाच महिन्यांनी, ९ जानेवारी १९४५ रोजी, श्रॉपशरमधल्या मिन्स्टरली गावाजवळच्या एका शेतघरात डेनिस ओ'नील हा बारा वर्षांचा मुलगा मारहाण आणि उपासमारीने मरण पावला. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या परिषदेने त्याला तिथे प्रतिपालक कुटुंबात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, ठेवले होते. २० डिसेंबरला तिथे गेलेल्या एका कर्मचारी महिलेने मुलगा भेदरलेला आणि आजारी आहे, त्याला हलवावे, असे कळवले होते. पण दोन परिषदांमधला पत्रव्यवहार आणि नाताळची सुट्टी यांतून ती सूचना वेळेत पार पडली नाही. सर वॉल्टर मंक्टन यांच्या चौकशी अहवालाने जबाबदारी कशी विखुरली होती ते दाखवले, पुढच्या वर्षी मायरा कर्टिस यांच्या समितीने संपूर्ण व्यवस्थेचा पट मांडला, आणि १९४८ च्या बालक कायद्याने प्रत्येक मोठ्या स्थानिक परिषदेत मुलांसाठी स्वतंत्र समिती व अधिकारी नेमण्याचे बंधन आले. डेनिसच्या मृत्यूचे पडसाद अगाथा ख्रिस्ती यांच्या 'द माउसट्रॅप' या १९५२ पासून लंडनमध्ये चालत आलेल्या नाटकातही उमटले आहेत. या सुधारणा मोलाच्या होत्या यात वाद नाही. तथापि त्यांचा सगळा भर परिषद अधिक सक्षम करण्यावर होता. परिषदच चुकली, किंवा परिषद आणि आईवडील यांचे एकमत होऊन दोघेही चुकले, तर मुलाच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न कर्टिस समितीच्या काळात कुणाच्या पुढे नव्हता.

तो पुढे आणला मारिया कोलवेल या मुलीने, आणि त्यासाठी तिला जीव द्यावा लागला. तिचा जन्म मार्च १९६५ चा; काही महिन्यांतच वडील वारले, आईला मुलांचा सांभाळ जमेना, आणि मारिया ससेक्समधल्या होव्ह येथे आपल्या आत्याच्या घरी आली. संगोपन आदेशाने, म्हणजे मुलाची जबाबदारी परिषदेवर टाकणाऱ्या न्यायालयीन आदेशाने, कायदेशीर ताबा परिषदेकडे राहिला, पण घर आत्याचेच होते आणि मुलगी त्या घराला आपले म्हणून वाढली. दरम्यान आईने दुसरा संसार मांडला होता आणि तिला मुलगी परत हवी होती. रक्ताच्या नात्याला त्या वेळच्या समाजकल्याण व्यवहारात जे वजन होते ते पाहता, आज ना उद्या न्यायालय आईच्या बाजूने निर्णय देईल असे परिषदेच्या अधिकाऱ्यांना वाटत होते. मारिया मात्र भेटींना जाण्यास नकार देत होती, रडत होती, पळून आत्याकडे येत होती. ऑक्टोबर १९७१ मध्ये तिला ब्रायटनला आईच्या घरी पाठवण्यात आले, आणि पुढच्याच महिन्यात आईने संगोपन आदेश रद्द करण्यासाठी बाल न्यायालयात अर्ज केला.

त्या अर्जावर न्यायालयात नेमके काय घडले, हे समजून घेण्यासाठी १९६९ च्या कायद्याची रचना लक्षात घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा इतिहास या एका बारकाव्यातून निघाला आहे. त्या कायद्याप्रमाणे अशा प्रकरणातले पक्ष दोनच होते, परिषद आणि मूल. आईवडील औपचारिक अर्थाने पक्षकार नव्हते, ते मुलाच्या वतीने प्रकरण चालवत असत. ज्यांच्या वागणुकीवरून वाद उभा राहिला आहे त्यांनीच मुलाचे प्रतिनिधी म्हणून बोलावे, अशी ही विचित्र मांडणी होती, आणि तिच्यामुळे आईचा अर्ज हा कायद्याच्या दृष्टीने मारियाच्या वतीने केलेला अर्ज ठरला. जी मुलगी त्या घरात जाण्याच्या नुसत्या कल्पनेने थरकापत होती, तिनेच जणू न्यायालयाला त्या घरात पाठवण्याची विनंती केली. परिषदेने अर्जाला विरोध केला नाही. आत्याला पक्षकार होण्याचा मार्ग नव्हता. मॅजिस्ट्रेटांपुढे विरोधी पुरावा, वेगळी साक्ष, दुसरे मत असे काहीच आले नाही, आणि संगोपन आदेशाच्या जागी केवळ देखरेख आदेश, म्हणजे मूल घरी राहील व समाजकल्याण कर्मचारी अधूनमधून पाहणी करील असा आदेश, देण्यात आला. पुढच्या चौदा महिन्यांत शेजाऱ्यांनी आणि शाळेने मुलीची वाढती कृशता व अंगावरचे वळ वारंवार कळवले. ७ जानेवारी १९७३ रोजी, आठवा वाढदिवस अडीच महिन्यांवर असताना, सावत्र वडिलांच्या मारहाणीने तिचा मृत्यू झाला.

थॉमस फील्ड-फिशर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ च्या शरदात ब्रायटनमध्ये जाहीर सुनावण्या घेतल्या आणि तिचा अहवाल सप्टेंबर १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. समितीच्या सदस्य प्राध्यापक ऑलिव्ह स्टीव्हनसन यांनी काही मुद्द्यांवर स्वतंत्र भिन्नमत नोंदवले, आणि मुलीला परत पाठवण्याच्या निर्णयामागच्या परिस्थितीकडे पाहताना अधिक समजूतदारपणा दाखवला. एखाद्या कर्मचाऱ्यावर सारा संताप केंद्रित करणाऱ्या त्या काळच्या वातावरणात हे धैर्याचे होते. परंतु दोन्ही मतांच्या पलीकडे एक गोष्ट निर्विवाद उरली. विरोधाविना येणाऱ्या अर्जात न्यायालय आंधळे असते. जिथे दोन पक्ष भांडतात तिथे निदान सत्याचे दोन तुकडे तरी न्यायाधीशापुढे येतात; जिथे त्यांचे एकमत होते तिथे मुलासाठी धोका सर्वांत मोठा असतो, कारण त्या एकमताला प्रश्न विचारणारे कुणी उरत नाही. म्हणून अशा प्रकरणांत एका स्वतंत्र समाजकार्यकर्त्याचे मत घेतले जावे, हा विचार अहवालातून पुढे आला आणि १९७५ च्या बालक कायद्यात उतरला. आईवडील व मूल यांच्या हितात विरोध दिसत असेल तर आईवडिलांना मुलाचे प्रतिनिधित्व करू न देता न्यायालयाने वादपालक नेमावा, अशी तरतूद १९६९ च्या कायद्यात घालण्यात आली.

कायदा झाला, पण तो अमलात यायला आणखी नऊ वर्षे गेली. नोव्हेंबर १९७६ पासून विरोध नसलेल्या रद्दीकरण-अर्जांपुरतीच, म्हणजे मारियाच्या प्रकरणाशी तंतोतंत जुळणाऱ्या प्रकरणांपुरतीच, ही तरतूद लागू झाली. सर्वसाधारण संगोपन प्रकरणांसाठी लागणारी माणसे आणि पैसा उभा करण्याची तयारी ना मजूर पक्षाच्या सरकारची दिसली ना त्यानंतरच्या हुजूर पक्षाच्या. याच सुमारास अमेरिकेने वेगळी वाट धरली होती. तिथल्या १९७४ च्या संघीय कायद्याने बालछळाच्या न्यायालयीन प्रकरणांत मुलासाठी वादपालक नेमणे ही राज्यांना मिळणाऱ्या निधीची अट केली. सिॲटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी या कामासाठी सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन १९७७ मध्ये स्वयंसेवकांची योजना सुरू केली आणि ती पुढे देशभर पसरली. ब्रिटनमध्ये मात्र स्वयंसेवकाचा विचार झाला नाही. मारियाचे प्रकरण व्यावसायिक निर्णयातली चूक म्हणून पाहिले गेले होते, तेव्हा तिच्यावरचा उपायही दुसऱ्या, स्वतंत्र व्यावसायिकाचा असावा हे ओघानेच आले. शिवाय १९७१ मध्येच एकत्रित समाजसेवा विभाग स्थापन झाल्याने समाजकार्य हा नव्याने ओळख मिळवलेला व्यवसाय होता. या निवडीमुळे वादपालकाचा दर्जा उंचावला, परंतु तो महागही झाला, आणि महाग गोष्ट पुढे ढकलणे सरकारांना सोपे जाते.

अखेर मे १९८४ मध्ये वादपालकांची मंडळे, म्हणजे पात्र समाजकार्यकर्त्यांच्या नावांच्या स्थानिक याद्या, अस्तित्वात आली. त्यांची उभारणी आणि खर्च स्थानिक परिषदांकडे सोपवण्यात आला, आणि इथेच या व्यवस्थेतला दोष जन्मतः शिरला, कारण ज्या परिषदेच्या कामाची तपासणी वादपालकाने करायची तिच्याच तिजोरीतून त्याचा मोबदला यायचा होता. प्रकरणातल्या परिषदेचा कर्मचारी वादपालक होऊ शकत नसे, म्हणून शेजारच्या काउंटी एकमेकींना आपली माणसे देत. तरीही ओढाताण टळली नाही. कॉर्नवॉलमध्ये समाजसेवा संचालकाने एका प्रकरणावर वादपालकाने ६५ तासांहून अधिक वेळ देऊ नये अशी मर्यादा घातली, तेव्हा तिथल्या मंडळाने न्यायालयात दाद मागितली आणि कौटुंबिक विभागाचे अध्यक्ष सर स्टीफन ब्राऊन यांनी ती मर्यादा रद्द ठरवली. मुलाला समजून घेण्यास किती वेळ लागतो हे पैसे देणाऱ्याने ठरवायचे नाही, हा या निकालाचा आशय वादपालकांच्या स्वातंत्र्याचा पाया ठरला.

त्याआधी १९८७ मध्ये ईशान्य इंग्लंडमधल्या क्लीव्हलँड येथे लैंगिक अत्याचाराच्या निदानावरून १२१ मुलांचे प्रकरण उद्भवले होते, आणि न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या अहवालाने उलट दिशेची चूक समोर आणली होती: मारियाला वाचवायला कुणी पुढे आले नाही, तर इथे वाचवण्याच्या धडपडीत मुलांची पुन्हा पुन्हा तपासणी आणि चौकशी झाली आणि त्यांना स्वतःला काय वाटते याकडे दुर्लक्ष झाले. या दोन्ही अनुभवांचे पाणी १९८९ च्या बालक कायद्यात मुरले आहे. १४ ऑक्टोबर १९९१ पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या ४१ व्या कलमाने नियम उलटा केला. वादपालकाची गरज सिद्ध करावी लागण्याऐवजी, मुलाच्या रक्षणासाठी त्याची गरज नाही अशी खात्री पटली तरच न्यायालयाला तो न नेमण्याची मुभा उरली. ४२ व्या कलमाने त्याला परिषदेच्या दफ्तरातली मुलासंबंधीची कागदपत्रे पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा अधिकार दिला. त्याच्या जोडीला मुलासाठी वेगळा सॉलिसिटर आला, आणि या दुहेरी रचनेत एक फार सुंदर बारकावा आहे. एरवी हा वकील वादपालकाच्या सूचनांप्रमाणे चालतो. पण मूल पुरेसे समजदार असेल आणि त्याचे म्हणणे वादपालकाच्या मताहून वेगळे असेल, तर वकिलाने मुलाचेच ऐकायचे, आणि वादपालकाने आपले मत न्यायालयाला स्वतंत्रपणे सांगायचे. मुलाचे हित आणि मुलाची इच्छा या दोन गोष्टी नेहमी एक नसतात, आणि दोन्ही न्यायालयापर्यंत पोचल्या पाहिजेत, याची इतकी प्रामाणिक कबुली फार थोड्या कायद्यांत सापडेल.

एप्रिल २००१ मध्ये स्थानिक मंडळे, प्रोबेशन सेवेतला कौटुंबिक विभाग आणि ऑफिशियल सॉलिसिटरच्या कार्यालयातली मुलांची शाखा एकत्र करून 'कॅफकास' ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परिषदांच्या तिजोरीशी असलेला संबंध त्यामुळे तुटला, ही मोठी गोष्ट होती. परंतु सुरुवातीलाच स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अनुभवी वादपालकांशी कराराच्या अटींवरून वाद उफाळला, तो उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि प्रकरणे वाटपाविना पडून राहू लागली. २००५ मध्ये वेल्सची शाखा वेगळी झाली. लंडनच्या हॅरिंगे भागात ऑगस्ट २००७ मध्ये मरण पावलेल्या पीटर कोनेली या सतरा महिन्यांच्या बाळाची हकीकत नोव्हेंबर २००८ मध्ये सर्वत्र प्रसिद्ध झाल्यावर परिषदांनी धास्तीने मुले ताब्यात घेण्यासाठी अर्जांची रीघ लावली, तेव्हा संस्थेची माणसे अपुरी पडली आणि काही काळ एका मुलाला एक ठरलेला वादपालक देण्याऐवजी त्या दिवशी हजर असलेल्या कर्मचाऱ्याने काम पाहण्याची पद्धत पत्करावी लागली. नाव, चेहरा आणि सलग ओळख यांवरच ज्याचे मोल अवलंबून आहे असे काम या रीतीने होऊ शकत नाही, हे वादपालक स्वतःच सांगत होते. २०१४ च्या कायद्याने प्रकरण २६ आठवड्यांत संपवण्याची मर्यादा आणली. तिने मुलांची वर्षानुवर्षांची टांगणी कमी केली, पण मुलाशी ओळख वाढवायचा अवधीही आटला.

शिवाय वादपालकाची भूमिका अंतिम आदेशाबरोबर संपते. न्यायालयाने संगोपन आदेश दिला की दुसऱ्या दिवसापासून मूल परिषदेच्या स्वाधीन असते, आणि न्यायालयापुढे मांडलेली योजना परिषदेने पाळली नाही तर ते न्यायालयाला कोण कळवणार, हा प्रश्न २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. न्यायालयाने देखरेख चालू ठेवण्याचा अधिकार कायद्यात नाही, असा निर्णय तिथे झाला, पण त्रुटी खरी आहे हेही मान्य झाले. त्यातून प्रत्येक मुलाच्या योजनेचा ठरावीक काळाने फेरआढावा घेणारा 'स्वतंत्र आढावा अधिकारी' कायद्यात आला. तो बहुतेक ठिकाणी परिषदेच्याच नोकरीत असतो. १९८४ चा दोष अशा रीतीने दुसऱ्या दाराने परत आला.

स्कॉटलंडची वाट प्रथमपासून निराळी होती. लॉर्ड किलब्रँडन यांच्या १९६४ च्या अहवालाने सुचवलेली बाल सुनावणीची पद्धत १५ एप्रिल १९७१ रोजी, म्हणजे मारियाचा आदेश रद्द झाला त्याच वर्षी, सुरू झाली. गुन्हा केलेले मूल आणि छळ सोसलेले मूल यांच्या गरजा मुळात सारख्याच असतात या तत्त्वावर उभ्या असलेल्या या पद्धतीत निर्णय न्यायाधीश देत नाही. त्याच भागातले तीन प्रशिक्षित नागरिक, ज्यांत स्त्रिया व पुरुष दोन्ही असावेत असा दंडक होता, मुलासमवेत एका टेबलाभोवती बसून निर्णय देतात, आणि घटनांबद्दल वाद असेल तर प्रकरण शेरिफच्या न्यायालयात जाते. हे नागरिक वेतन घेत नाहीत. देशभरात त्यांची संख्या अडीच हजारांच्या घरात राहिली आहे. मूल टेबलापाशी बसलेले असल्याने वेगळ्या प्रतिनिधीची गरज नाही, असे तिथे बराच काळ मानले गेले. पण मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत बसण्याची जागा मिळाली म्हणून मुलाला बोलता येतेच असे नाही, हे हळूहळू लक्षात आले. १९८५ पासून सुनावणीला 'सेफगार्डर' हा मुलाच्या हिताचा रक्षक नेमता येऊ लागला, आणि नोव्हेंबर २०२० पासून प्रत्येक मुलाला त्याचे म्हणणे मांडण्यास मदत करणारा साहाय्यक मिळण्याची सोय झाली.

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वयंसेवकाला न्यायालयाच्या दालनात जागा मिळाली नाही, पण दालनाबाहेर एक जागा मिळाली आणि ती कायद्याने दिली. १९६९ च्या कायद्यात संस्थेत राहणाऱ्या आणि कुणीही भेटायला न येणाऱ्या काही मुलांसाठी 'भेटकर्ता' नेमण्याची तरतूद होती. १९८९ च्या कायद्याने आईवडिलांशी क्वचितच संपर्क असलेल्या किंवा वर्षभर त्यांची भेट न झालेल्या मुलांपर्यंत ती वाढवली. आणि २००८ च्या दुरुस्तीने, जी २०११ पासून अमलात आली, मुलाच्या हिताचे असेल अशा प्रत्येक वेळी परिषदेने स्वतंत्र भेटकर्ता नेमणे बंधनकारक झाले. हा माणूस परिषदेचा नोकर नसतो, त्याला प्रवासखर्चापलीकडे पैसे मिळत नाहीत, आणि मूल समजदार असेल तर त्याला नकार देण्याचा अधिकार आहे. भेटणे, मैत्री करणे आणि सल्ला देणे एवढीच त्याची कामे कायद्यात लिहिली आहेत. घर बदलते, शाळा बदलते, समाजकार्यकर्ता बदलतो, वादपालक आदेशाबरोबर निघून जातो. महिन्यातून एकदा येणारा भेटकर्ता मात्र अनेकदा वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि आपल्याकडे येण्याचे पैसे न घेणारा हा एकमेव प्रौढ आहे, ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ही तरतूद सक्तीची असूनही बार्नार्डोज या संस्थेच्या पुढाकाराने गोळा झालेल्या माहितीनुसार २०१० च्या दशकात इंग्लंड-वेल्समधल्या परिषदांच्या ताब्यातील मुलांपैकी तीन-चार टक्क्यांच्या आसपास मुलांनाच असा भेटकर्ता मिळालेला होता. बाकीच्यांपैकी काहींची नावे प्रतीक्षायादीत होती, आणि अनेकांना असा माणूस मागता येतो हे कुणी सांगितलेलेच नव्हते.